मान आणि खांदे पुन्हापुन्हा आखडतात, तेव्हा कारण कसे शोधावे

तक्रार अशी होती. दुपारी चारच्या सुमारास मानेच्या उजव्या मुळाशी, खांद्याच्या वरच्या कडेवर, कोणीतरी अंगठा रोवून ठेवल्यासारखे जडपण सुरू होई. संध्याकाळपर्यंत ते खांद्याच्या फऱ्यापर्यंत उतरे, आणि महिन्यातून एखाद्या सकाळी अशी गत होई की मान उजवीकडे वळतच नसे. कोणी उजवीकडून हाक मारली की सगळे धड फिरवून ओ द्यावी लागे. मी पुण्यात गेली सव्वीस वर्षे मुद्रितशोधनाचे, म्हणजे छपाईआधी प्रुफे वाचून चुका दुरुस्त करण्याचे, काम करते. या कामात मान खाली घालून बसणे ओघानेच येते, त्यामुळे पहिली काही वर्षे हे दुखणे मी धंद्याचा कर म्हणून भरत राहिले. बाम, शेक, दोन दिवस विश्रांती, एखादी गोळी, की ते उतरे. तीन आठवड्यांनी त्याच जागी परत येई. ते उतरते कसे, हे कोणीही सांगत होते. परत का येते, हा प्रश्न मात्र मी स्वतःलाही बराच उशिरा विचारला.

कारण शोधण्याआधी एक गोष्ट करावी लागते, आणि ती टाळू नये. हे दुखणे खरोखर स्नायूंचेच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. हातातून कप निसटणे, शर्टाचे बटण लावताना बोटे न वळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे. ताप आणि डोकेदुखीसह मान ताठ होणे. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली मानदुखी. रात्री झोपेतून उठवणारी आणि कुशी बदलूनही न हटणारी वेदना. कारण नसताना घटणारे वजन, यांपैकी काही असेल तर पुढचे वाचत न बसता डॉक्टरांकडे जावे. जिना चढताना डाव्या खांद्यात किंवा जबड्यात दाटून येत असेल, सोबत घाम आणि धाप असेल, तर तो खांद्याचा विषय नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र मानदुखी अचानक उठली आणि बरोबर चक्कर येऊ लागली, बोलणे जड झाले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तरीही तेच करावे.

याखेरीज दोन गोष्टी स्नायूंच्या आखडण्याशी नेहमी गल्लत करतात. एक म्हणजे मानेतून निघणाऱ्या नसेवर आलेला दाब. यात दुखणे खांद्यावर थांबत नाही, दंडातून खाली उतरते आणि बोटांना मुंग्या येतात; ढोबळमानाने अंगठ्याकडे येत असतील तर सहाव्या, मधल्या बोटाकडे येत असतील तर सातव्या आणि करंगळीकडे येत असतील तर आठव्या नसेकडे संशयाने पाहतात. दुसरी गोष्ट म्हणजे फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधाच आखडणे. हा विकार चाळीस ते साठ या वयात आणि मधुमेह असलेल्यांना अधिक होतो. त्याची घरगुती पारख सोपी आहे. दंड बरगडीला चिकटवून कोपर काटकोनात वाकवावे आणि दुसऱ्या कोणाला तरी हाताचा पुढचा भाग हलकेच बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगावे. दुसऱ्याने फिरवूनही हात कुलूप लावल्यासारखा अडत असेल, तर अडचण सांध्यात आहे आणि मानेचे व्यायाम करून ती सुटणार नाही. माझ्या बाबतीत दोन्ही पारखी स्वच्छ निघाल्या.

आता जागा. ट्रॅपेझियस हा पतंगाच्या आकाराचा मोठा स्नायू कवटीच्या मागच्या कडेपासून निघतो, दोन्ही खांद्यांपर्यंत पसरतो आणि पाठीच्या मध्याच्याही खाली उतरतो. आपण चिमटीत धरून दाबतो ती खांद्याची कड म्हणजे त्याचा वरचा भाग. त्याच्या पोटाखाली एक पट्टीसारखा स्नायू आहे, लेव्हेटर स्कॅप्युली. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून तो फऱ्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यापर्यंत येतो. सकाळी उठल्यावर ज्या बाजूला दुखते त्याच बाजूला मान वळेनाशी झाली, तर अनेकदा हाच स्नायू धरलेला असतो. कवटीच्या तळाशी, केस संपतात तिथे, आणखी काही आखूड स्नायू आहेत. त्यांचा प्रसंग पुढे येईल. आपले बोट नेमके कोणत्या जागेवर जाते, हे कागदावर माणसाची पाठमोरी आकृती काढून तीन-चार वेळा तारखेसह खूण करून पाहावे. मी हे केले नव्हते, म्हणून माझी दोन निराळी दुखणी मी वर्षभर एकच समजत राहिले.

तात्पुरत्या उपायांना मी नावे ठेवणार नाही, पण ते काय करतात हे माहीत असावे. बाममधील मेंथॉल त्वचेतल्या थंडावा ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवते, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशाला वाटेत एक स्पर्धक मिळतो. खालच्या स्नायूत फारसे काही बदलत नाही. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा-वीस मिनिटे घेतल्यास स्नायू खरोखरच सैलावतो, मात्र मधुमेहामुळे ज्यांची संवेदना मंदावली आहे त्यांनी पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळावी आणि त्वचा लाल होते आहे का ते मध्येच पाहावे. मालिशीने बरे वाटते ते खरे बरे वाटणेच असते, पण ते काही तासांचे, फार तर दोन दिवसांचे असते. वेदनाशामक आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस घ्याव्यात. औषधाच्या दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून दर महिन्याला आणू नयेत, कारण पहिल्यांचा भार जठरावर आणि मूत्रपिंडावर पडतो आणि दुसऱ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी झापड येते.

एका गोष्टीला मात्र मी स्पष्ट विरोध करते. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान झटक्यात फिरवून कडकड आवाज काढतात, ते थांबवावे. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात, आणि अशा झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. असे क्वचितच घडते हे खरे, पण बदल्यात मिळणारे सुख अर्ध्या तासाचे असते.

क्ष-किरण चित्राबद्दलही सांगायला हवे. मी ते काढले आणि "मणक्यात गॅप आला आहे" हे वाक्य घेऊन घरी आले. त्या वाक्याने मी सहा महिने मान हलवायलाच घाबरत होते आणि गळ्यात पट्टा घालून प्रुफे वाचत होते, त्यामुळे मान अधिकच कमकुवत झाली. नंतर कळले की जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा जवळपास ८८ टक्क्यांच्या मानेतील, दोन मणक्यांमधल्या मऊ चकत्या फुगलेल्या आढळल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रात दिसणारा बदल हा केस पिकण्यासारखा असू शकतो. तो असतो, पण दुखणे त्याचेच असेल असे नाही. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नसतील तर आधी चित्र काढण्याची घाई करू नये, असे माझे मत झाले आहे.

खरी उकल वहीने केली. एकवीस दिवस मी तीन वेळा नोंद ठेवली: सकाळी उठल्याबरोबर, दुपारी जेवणाआधी आणि रात्री. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण, आणि शेजारी आधीच्या दोन तासांत मी काय करत होते ते. माझा सारा संशय स्कूटरवर होता. रोज कोथरूडहून अप्पा बळवंत चौकापर्यंत जाणे-येणे, वाटेतले गतिरोधक आणि खड्डे, डोक्यावर सव्वा-दीड किलोचे हेल्मेट. याहून सोयीचा आरोपी पुण्यात मिळणार नाही. परंतु वहीने त्याला निर्दोष सोडले. रविवारी स्कूटर जागची हलत नव्हती आणि तरीही ज्या रविवारी मी घरी काम करत होते त्या रविवारी आकडा सहा-सातवर होता. उलट एका आठवड्यात तीन दिवस सलग प्रकाशकाकडे खेपा झाल्या, काम जवळजवळ झालेच नाही, आणि आकडा दोनवर उतरला.

सर्वांत वाईट दिवस कोणते, हे पाहिल्यावर मला हसू आले. ते पहिल्या प्रुफांचे दिवस होते. पहिल्या वाचनात लेखकाची मूळ प्रत डावीकडे आडवी ठेवलेली असते आणि प्रूफ समोर असते. प्रत्येक ओळीला नजर डावीकडे खाली जाते, परत येते, परत जाते, आणि शेवटी मान डावीकडे झुकलेलीच राहते. दुसऱ्या वाचनात मूळ प्रत क्वचितच लागते, त्यामुळे त्या दिवसांचे आकडे निम्मे होते. मान डावीकडे फिरवून खाली वाकवली की उजवा लेव्हेटर स्कॅप्युली ताणला जातो. म्हणजे तो स्नायू आखूड झालेला नव्हता. मी त्याला रोज पाच-सहा तास ताणून ठेवत होते. गंमत पुढेच आहे. एका चित्रफितीत पाहून मी रोज सकाळी त्याच स्नायूचा ताण-व्यायाम करत होते: मान डावीकडे फिरवा, हनुवटी काखेकडे न्या, हाताने डोके हलकेच खाली ओढा. ज्या स्थितीने दुखणे आणले होते तीच स्थिती मी उपचार म्हणून आणखी दोन मिनिटे करत होते.

ही गोष्ट फिजिओथेरपिस्टना सांगितली तेव्हा त्यांनी विचारले, "ताई, गच्चीवरची दोरी ओल्या चादरीने ताणली गेली, तर तुम्ही दोरी आणखी ओढता की चादर काढता?" त्या प्रश्नानंतर मी मानेपेक्षा मानेवर टांगलेल्या गोष्टींकडे पाहू लागले.

ताठरपणा दोन प्रकारचा असतो, हे वाचकांनी आपल्यापुरते तपासावे. काही स्नायू खरोखर आखूड आणि आवळलेले असतात. छातीच्या पुढच्या भागातले स्नायू सतत पुढे झुकून काम करणाऱ्यांत बहुधा असे होतात. त्यांना ताण दिल्यावर आलेला मोकळेपणा टिकतो. दुसरे स्नायू ताणलेले असूनही हाताला कडक लागतात, कारण ते भार धरून ठेवत असतात. त्यांना ताण दिल्यावर वीस मिनिटे बरे वाटते आणि मग दुखणे होते तसे परत येते. ताण-व्यायामानंतरचा आराम तासभरही टिकत नसेल, तर तो व्यायाम आठवडाभर बंद करून पाहावा. आकडा वाढला नाही, तर त्या व्यायामाचा उपयोग होत नव्हता हे निश्चित समजावे.

भार किती असतो याचा अंदाज यावा म्हणून दोन आकडे. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो भरते. मान सरळ असताना हे वजन मणक्यांवर तोलले जाते. मान पुढे झुकली की ते मागच्या स्नायूंना धरून ठेवावे लागते. केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यविशारदांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रतिमानावरून मांडलेल्या गणितानुसार मान १५ अंश झुकली तर मानेवरचा परिणामी भार सुमारे १२ किलो होतो, ३० अंशांत १८ आणि ६० अंशांत २७ किलोंच्या आसपास जातो. ही माणसांवर घेतलेली मोजमापे नाहीत, आणि मान वाकवणे हा काही रोग नाही. मंडईत भाजी निवडताना आपण साठ अंश वाकतोच. फरक वेळेचा आहे. स्वीडनचे गोरान हेग यांनी १९९१ मध्ये एक गृहीतक मांडले, ज्याला परीकथेतल्या राबणाऱ्या सिंड्रेलाचे नाव मिळाले: हलक्या पण अखंड कामात स्नायूतील काही बारीक तंतू सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात, जसे घरात सर्वांत आधी उठणाऱ्या आणि सर्वांत शेवटी पाठ टेकणाऱ्या बाईचे होते. काम जड नसते, पण त्या तंतूंना सुटी मिळत नाही. म्हणूनच पाणी भरून दमलेला दंड रात्रीत बरा होतो आणि लेखणीसारखी हलकी वस्तू धरणारा खांदा होत नाही.

मी एका वेळी एकच बदल केला आणि प्रत्येकाला आठ दिवस दिले. नाहीतर कशाने बरे वाटले हे कळत नाही. पहिला बदल मेजाचा. जुन्या वाड्यांतून कारकुनांची उतरती बैठी मेजे असत, त्यांचे महत्त्व मला पन्नाशीत कळले. सुताराकडून साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरची फळी करून घेतली, तिची मागची कड अठरा सेंटिमीटर उंच ठेवली आणि खालच्या कडेला कागद घसरू नये म्हणून पट्टी मारली. मूळ प्रत आता प्रुफाच्या शेजारी त्याच उतारावर असते, आणि दर सोळा पानांच्या फर्म्यानंतर ती डावीकडून उजवीकडे जाते. या एका बदलाने दुपारचा आकडा सहावरून चारवर आला.

दुसरा बदल खुर्चीचा. घरातले जेवणाचे टेबल बहुधा पंचाहत्तर सेंटिमीटर उंच असते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. साध्या खुर्चीवर बसले की माझे कोपर टेबलाच्या पातळीच्या बऱ्याच खाली राहते, आणि हात वर ठेवण्यासाठी खांदे नकळत कानांकडे चढतात. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्चीवर घट्ट गादी टाकून मी स्वतः वर गेले आणि लटकणाऱ्या पायांखाली देवघरातला जुना पाट घेतला. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर पूर्ण टेकला, की ट्रॅपेझियसला हाताचे वजन उचलावे लागत नाही. घरून काम करणाऱ्या ज्या ज्या ओळखीच्यांनी मला मानेबद्दल विचारले, त्यांना मी आधी टेबलाची उंची विचारते; बहुतेकांचे खांदे तिथेच चढलेले असतात.

तिसरा बदल शबनम पिशवीचा, आणि तो मला जिवावर आला. वाण्याच्या काट्यावर पिशवी ठेवली तेव्हा ती साडेचार किलो भरली: प्रुफे, शब्दकोश, डबा, पाण्याची बाटली, छत्री. ती नेहमी उजव्या खांद्यावर असे, आणि घसरू नये म्हणून तो खांदा सतत उचललेला असे. आता मी दोन बंदांची सॅक वापरते आणि स्कूटरवर ती पाठीवर न ठेवता पायांजवळ ठेवते. फोन कान आणि खांद्यात दाबून बोलण्याची सवय त्याच आठवड्यात सोडली. स्कूटरबाबत एवढेच करावे लागले की आरसे नीट वळवून घेतले, जेणेकरून मागे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी मान पिळावी लागू नये, आणि सिग्नलला थांबले की हँडलवरची पकड सोडून खांदे एकदा खाली सोडले. स्वारगेटच्या सिग्नलला त्यासाठी भरपूर वेळ मिळतो.

उशीचा विचार सकाळीच दुखणाऱ्यांनी आधी करावा. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांदा आणि कान यांच्यातील अंतर भरून काढेल इतकी उंच हवी. पाठीवर झोपणाऱ्याला त्याहून पातळ लागते. पोटावर झोपणाऱ्याची मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते, त्याला कोणतीही उशी मदत करणार नाही. कापसाची जुनी उशी मध्यभागी बसून दगड झालेली असेल तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा.

भार कमी केल्याने आकडा तीनपर्यंत आला आणि तिथेच अडला. पुढचे काम बळाचे होते, आणि इथे माझा समज पूर्ण उलटा होता. दुखऱ्या स्नायूला आराम द्यायचा, असेच मी धरून चालले होते. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर एक चाचणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना रबरी नळी पायाखाली धरून हात बाजूला, किंचित पुढे, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे दिला. एका गटाने रोज दोन मिनिटे केला, दुसऱ्याने बारा. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले. दोन मिनिटे म्हणजे चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ आहे, त्यामुळे वेळ नाही ही सबब मला उरली नाही.

मी खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून दोन्ही कोपरे मागे ओढते, असे की फरे एकमेकांजवळ येऊन खाली सरकावेत. आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन हात बाजूला उचलते, दहा-बारा वेळा. दोन आठवड्यांनी लिटरच्या बाटल्या घेतल्या. त्याबरोबर हनुवटी सरळ मागे घेण्याचा व्यायाम, ज्यात डोके वर किंवा खाली न करता आडव्या रेषेत मागे सरकते आणि क्षणभर दुहेरी हनुवटी दिसते. ती दिसली तर व्यायाम बरोबर होतो आहे. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी अंग धरते, त्याला घाबरू नये. व्यायाम करताना दुखणे दहापैकी तीनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर यावे, एवढे बंधन पाळले की पुरे. हातात मुंग्या आल्या तर मात्र थांबावे.

आसनांचा उल्लेख पुण्यात टाळता येणार नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये या शहरात आले, आणि १९७५ पासून त्यांची संस्था शिवाजीनगर परिसरात उभी आहे. भिंतीतले दोर, पट्टे, लोड, खुर्च्या अशा साधनांचा आधार घेऊन आसन करण्याची त्यांची पद्धत आखडलेल्या माणसाला फार सोयीची आहे, कारण जिथवर हात पोहोचत नाही तिथे पट्टा पोहोचतो. गोमुखासनात मागे दोन्ही हातांची बोटे जुळत नसतील तर मध्ये ओढणी धरावी. पर्वतासनात हात वर ताणले की दिवसभर पुढे दुमडलेली छाती उघडते, आणि मला वाटते की माझ्यासारख्यांना ताण हवा असतो तो तिथे, मानेत नव्हे. दुखऱ्या मानेने शीर्षासन आणि सर्वांगासन स्वतःहून करू नये.

जाता जाता ढोल-ताशा पथकांतल्या मुलामुलींसाठी. ताशाचे वजन पट्ट्याने गळ्यात येते आणि दोन्ही हात तासन्‌तास उचललेले असतात. गणपतीआधीच्या सरावात दरवर्षी आमच्या इमारतीतली दोन मुले मान धरून येतात. त्यांनी पट्टा रुंद आणि मऊ घ्यावा, आणि खांद्यांचा बळाचा व्यायाम सराव सुरू होण्याच्या दोन महिने आधी सुरू करावा, ताशा गळ्यात पडल्यावर नव्हे.

मान धरलीच, तर त्या दिवसापुरते एवढे करावे. अंथरुणावर पडून राहू नये. शेक घ्यावा, आणि दर तासाला जिथवर दुखत नाही तिथवरच मान दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा हळू फिरवावी. कोणाकडूनही ती ओढून किंवा झटकून घेऊ नये. श्वास छातीच्या वरच्या भागात अडकलेला असतो. मानेच्या बाजूचे स्नायू पहिल्या दोन बरगड्यांना धरून असल्यामुळे उथळ श्वासात तेही राबतात, म्हणून पोटावर हात ठेवून तो हात वर येईल असे दहा श्वास घ्यावेत. बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत मान सुटते. आठवड्याभरात सुधारणेचे चिन्ह नसेल तर दाखवून घ्यावे.

या सगळ्यानंतर सात महिने मी जवळजवळ मोकळी होते. मग दुखणे परत आले. मी निमूटपणे पुन्हा वही काढली, आणि बरे झाले काढली, कारण आकृतीवरची खूण या वेळी खांद्यावर नव्हती. ती कवटीच्या तळाशी, केसांच्या कडेला होती, दोन्ही बाजूंना सारखीच, आणि तिथून डोकेदुखी कपाळाकडे चढत होती. त्या महिन्यात प्रकाशकांनी प्रुफे कागदाऐवजी संगणकावर पाठवायला सुरुवात केली होती. मी सर्वत्र सांगतात त्याप्रमाणे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणली, आणि दुखणे वाढले.

माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. त्यात जवळचे दिसण्याची जागा भिंगाच्या खालच्या भागात असते. समोर, डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेला पडदा स्पष्ट दिसावा म्हणून मी दिवसभर हनुवटी वर करून, भिंगाच्या खालच्या भागातून पाहत होते. त्यामुळे कवटीच्या तळाचे आखूड स्नायू सतत आवळलेले राहत होते. कागदावर मी मान फार वाकवत होते, पडद्यापुढे फार उचलत होते. पंचेचाळिशीनंतर असा चष्मा लागलेल्या कोणाचीही मान संगणकावर दुखत असेल, तर बाजूने एक फोटो काढून घ्यावा. हनुवटी वर दिसली की बाकी तपास करावा लागत नाही.

उपाय दोन झाले. पडदा आठ-दहा सेंटिमीटर खाली आणला आणि किंचित मागे कलता केला, म्हणजे नजर खाली उतरते आणि हनुवटी जागेवर राहते. मग नेत्रतज्ज्ञांकडे जाताना डोळे ते पडदा हे अंतर टेपने मोजून नेले. ते पासष्ट सेंटिमीटर होते. तेवढ्याच अंतरासाठी एकाच नंबरचा, पूर्ण भिंगाचा वेगळा चष्मा करून घेतला. पाचव्या दिवशी डोकेदुखी थांबली. हा चष्मा टेबलाच्या खणातच असतो, आणि तिथेच राहिला पाहिजे. एकदा दारावरची घंटा वाजली म्हणून तो घालूनच जिन्याकडे निघाले, तेव्हा खालच्या पायऱ्या धूसर दिसल्या आणि कठडा धरावा लागला.